अनारशांच्या चाळणीतली वाळू
नातवंडांनो, आज फराळाची भांडी काढताना बारीक जाळीची चाळण हाताला लागली, म्हणून हे लिहिते आहे. तुमच्या जन्माआधी मी इंग्लंडात बेसिंगस्टोकला तुमच्या बाबांकडे गेले, तेव्हा ती अनारशांसाठी पुण्याहून मुद्दाम नेली होती. बाबांनी काचेच्या टाकीत बोटाएवढा आफ्रिकन मासा पाळला होता. त्याची हनुवटी सोंडेसारखी लांब. तिकडच्या गढूळ नद्यांच्या मऊ चिखलात ती खुपसून तो किडे शोधतो. इथे टाकीत टोचरी खडी, त्यामुळे सोंड सोलवटली आणि त्याचं खाणं बंद झालं. दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी पाहते, तर बाबा ओट्यावर पेपर पसरून माझ्या चाळणीतून वाळू चाळताहेत! "अरे, ती अनारशांच्या पिठाची आहे!" "आई, एवढी बारीक जाळी इथे कुठे मिळणार? मरेल गं तो." "आणि अनारसे?" "केक आणू ना." "दिवाळीला केक! मग यंदा त्या माशालाच ओवाळते मी." हा मासा अंधारातच खातो, म्हणून संध्याकाळी बाबांनी खोलीतला दिवा मालवून मला हाक मारली. मासा नव्या वाळूत सोंड खुपसून किडा ओढत होता. "खाल्लं एकदाचं! आता माझी चाळण घास," मी म्हटलं. त्यांनी घासली, मग मीही घासली. मासा पुढे बरीच वर्षं जगला. चाळणीच्या कडेत अडकलेली वाळू मात्र अजून निघालेली नाही.