खिडकी उघडी होती

“आधी हात धुऊन ये.”

सर हे सगळ्यांसमोर म्हणाले. काचेची पट्टी त्यांनी कागदाच्या तुकड्यात धरली होती, उजेडाकडे. तिच्यावर मी ओतलेली फिल्म पांढरीफटक पडली होती. मी हातमोजे घातले होते. तरी म्हणाले. आणि मी गेले, मोजे काढले, साबणाने तीनदा हात धुतले. परत आले तेव्हा प्रत्येक जण आपापल्या टेबलात डोकं घालून बसला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रेवसच्या अलीकडे, खाडीकाठी आमचा कोटिंगचा कारखाना. मी तिथे प्रयोगशाळेत सरांच्या हाताखाली, सहा महिन्यांच्या उमेदवारीवर. क्लोरीन असलेलं एक ऍक्रिलिक पॉलिमर पीव्हीसीत मिसळतं का, हे शोधायचं काम माझ्याकडे. दोन्ही एकाच द्रावकात विरघळवायची, काचेवर ओतायची. द्रावक उडून गेला की पातळ फिल्म उरते. आरपार दिसली तर दोघं मिसळली असावीत. पांढरी पडली तर फुटून वेगळी झाली, असं धरायचं.

माझ्या आधीच्या मुलाच्या फिल्मही पांढऱ्याच यायच्या. रजिस्टरमधल्या त्याच्या पानावर सरांनी लिहिलं होतं, ‘द्रावक खराब.’ माझ्या पानावर लिहिलं, ‘हाताळणी अस्वच्छ.’

पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं होतं, “गावात घर नेमकं कुठे?”

“बौद्धवाडीत.”

“बरं, बरं.” तेव्हापासून माझ्या हातची काच ते कागदाने धरायचे. बाकीच्यांची नुसत्या हाताने.

त्या दिवशी घरी जेवण जाईना. हातांना साबणाचा वास येत होता. आई मिठाची बरणी घेऊन बसली होती, तांदळाचे दाणे टाकत.

“कालच भरली नि आज पानी सुटलं बघ,” ती म्हणाली. “खाडीची हवाच तशी हाय.”

मी बरणीकडे बघतच राहिले. आमचा द्रावक झपाट्याने उडतो. उडताना काच गार पडते. गार काचेवर दमट हवेतलं पाणी धरतं, आणि फिल्म पांढरी होते. आणि द्रावकाच्या वासाने सरांचं डोकं दुखतं म्हणून खाडीकडची खिडकी रोज उघडी असते. सर स्वतः उघडतात.

दुसऱ्या दिवशी सर बाहेरगावी होते. मी खिडकी लावली. द्रावकाची वाफ बाहेर ओढणारा पंखा चालू ठेवला. काचेवर झाकण घातलं, आत सिलिकाचे कोरडे दाणे ठेवले, आणि द्रावक हळूहळू उडू दिला. सकाळी फिल्मखाली वर्तमानपत्र धरलं तर बारीक अक्षरही वाचता आलं. तेवढ्यावर भागत नाही, म्हणून यंत्रात तापवूनही पाहिली. मऊ होण्याचं तापमान एकच निघालं. दोन्ही पॉलिमर वेगळी असती तर दोन निघाली असती. ती मिसळली होती.

सरांनी फिल्म पाहिली. कागदात धरूनच.

“बघ. हात नीट धुतलेस की कसं येतं.”

माझ्या अंगाची लाही लाही झाली.

“हात रोजच्यासारखेच होते, सर. खिडकी लावली होती.”

ते हसले. “मनाला लावून घेऊ नकोस. पुढच्या आठवड्यात तुला पक्कं करायचा कागद माझ्या टेबलावर येणार आहे.”

धमकी होती. कळली. पण रजिस्टर मीच काढलं. ‘हाताळणी अस्वच्छ’ खोडलं नाही. ते तसंच दिसायला हवं. खाली लिहिलं, ‘वरील कारण चुकीचं. खिडकी उघडी असल्याने फिल्मवर हवेतलं पाणी धरलं.’ खाली पूर्ण नाव, आडनावासकट. मग पेन सरांपुढे ठेवलं.

“तपासणाऱ्याची सही लागते, सर.”

त्यांनी अजून सही केलेली नाही. रोज सकाळी मी तेच पान उघडून त्यांच्या टेबलावर ठेवते. नोकरी राहील की जाईल, माहीत नाही. गेली तर दुसरीकडे फिल्म ओतेन. पण माझ्या हातांचा निकाल आता या माणसाने लावायचा नाही. इथे हात धुवायचे तर सगळ्यांनी धुवायचे, आणि पहिले सरांनी.