आचलची पाठ

ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात सोनोग्राफी झाली तेव्हा कुंताला पाचवा महिना होता. पडद्यावर तिला नुसतं धुकं दिसलं. डॉक्टरीणबाईंनी मात्र एकच जागा पुन्हा पुन्हा बघितली आणि बाहेर बसलेल्या देवानंदलाही आत बोलावलं. दोघं नवराबायको गावच्या तलावात मासे धरून जगणारी.

"बाळाची पाठ खाली मिटली नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी टेबलावर रुमाल पसरून त्याच्या दोन कडा उचलल्या आणि जुळवून दाखवल्या. "आधी पाठीवर अशी सपाट पट्टी असते. कडा जुळल्या की नळी होते. वरच्या टोकाचा मेंदू होतो, बाकीचा मज्जारज्जू. इथं तळाशी कडा उघड्या राहिल्या. पायांच्या नसा तिथूनच निघतात, म्हणून पायांत जोर कमी राहील."

"आता जुळन का?" देवानंदने विचारलं.

"नाही. ते पहिल्या महिन्यातच होतं."

"तवा तं मले मालूमच नव्हतं, पोटात कोणी हाये म्हून," कुंता म्हणाली.

"कोणालाच नसतं."

घरी सासू आशाबाई म्हणाली, "गिरानात मासोळी चिरली तू, म्हून झालं." कुंताने बोटांवर महिने मोजले. ग्रहण तर चौथ्या महिन्यात लागलं होतं. पाठ मिटायची राहिली ती पहिल्याच महिन्यात, तिला चौथ्यातलं ग्रहण कसं कारण होईल? मग पहिल्या महिन्यात आपण काय केलं? पाण्यात उतरलो, जेवलो, झोपलो. बाई म्हणाल्या होत्या की असं एकच कारण बोट ठेवून सांगता येत नाही. तेच तिला पेलत नव्हतं.

गर्भ ठेवायचा की नाही, हे तुम्हीच ठरवा, असंही बाईंनी सांगितलं होतं. रोज दोघांचं मत फिरायचं. एका दुपारी पोटात हालचाल झाली.

"लात मारून राह्यलं," कुंता म्हणाली. "मंग पाय चालत नाई म्हन्ते, ते कसं?"

देवानंदने तिच्या पोटावर हात ठेवला. त्यानंतर गर्भ ठेवायचा की नाही, हा विषय दोघांनी पुन्हा काढला नाही.

नागपुरात मुलगी झाली, आचल. लगेच ऑपरेशन करून पाठ शिवली. कुंताला वाटलं, सुटलो. पण शिवलेल्या पाठीने नसा जाग्या झाल्या नाहीत. कुंता तिच्या तळपायावर बोट फिरवायची, आचल छताकडे बघत राहायची. बोट गुडघ्याच्या वर गेलं की खुदकन हसायची. नेमकं कुठून हसू सुरू होतं ते कुंता परत परत शोधायची, आणि प्रत्येक वेळी जागा थोडी वेगळी लागायची.

आता आचल चार वर्षांची आहे. पायांना पट्टे बांधून भिंत धरून चालते, खूप बोलते.

मागच्या महिन्यात बाईंनी कुंताला फॉलिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या. बाळाची पाठ मिटायला त्यांची मदत होते, म्हणून दुसरं मूल हवं असेल तर दिवस जायच्या आधीपासूनच घ्यायच्या म्हणे. हवं आहे की नाही, हे तिचं तिलाच ठरत नाही. तरी ती रोज घेते.

"दिवस गेले का वं?" आशाबाईने विचारलं.

"नाई."

"मंग गोळ्या काऊन?"

कुंता खरं कारण सांगणार होती, पण मग आचलच्या वेळी का नाही घेतल्या, हे आशाबाईने विचारलं असतं. "बाईनं सांगतलं म्हून," ती म्हणाली.