फौजवाले काका

“उजेड सोडा हो!”

देवासला आमच्या गल्लीत कुणाकडे गेलं की आधी पाणी पुढं येतं, मग विचारपूस. फौजवाले काकांकडे आधी हे वाक्य यायचं, तेही मान वर न करता. ते दाराशीच टेबल लावून बसायचे. आपण दारात उभे राहिलो की आपली सावली त्यांच्या शिपायांवर पडायची. बाजूला सरकलं की चष्म्यावरून बघायचे आणि ओशाळून म्हणायचे, “अरे, सूनबाई होय? या, बसा. पण त्या स्टुलावर नको, तिथं तोफखाना वाळतोय.”

त्यांची माझी ओळख झाली आमच्या मेडिकलमुळे. मी बदनावरची. लग्न होऊन इथं आले आणि सासऱ्यांबरोबर दुकानात बसू लागले, तेव्हा हे किडकिडीत, नीट भांग पाडलेले गृहस्थ अधूनमधून यायचे आणि सुई नसलेल्या सिरिंजा, कानात घालायच्या कापसाच्या काड्या आणि बारीक चिमटा मागायचे. माझ्या जागी तुम्ही असता तर तुमच्याही मनात नाही ते आलं असतं. मी सासऱ्यांना हळूच विचारलं. ते पोट धरून हसले. म्हणाले, “अगं, त्यांची फौज आहे. तिला रंग लावायला लागतं हे सगळं.”

फौज म्हणजे शिशाचे आणि प्लास्टिकचे शिपाई, बोटाच्या पेराएवढे. एकेक शिपाई बाटलीच्या बुचावर चिकटवायचा, आधी सगळा काळा करायचा, मग अंगरखा, मग पागोटं, मग पट्टे. सिरिंजमधून रंगात पाण्याचा एकेक थेंब सोडायचा. डोळे सगळ्यांत शेवटी. ते रंगवताना काका श्वास रोखायचे, आणि बघणारा माणूसही नकळत रोखायचा. डोळे उमटले की तो शिपाई एकदम आपल्याकडे बघू लागायचा. मला तर पहिल्यांदा दचकायलाच झालं होतं.

खऱ्या फौजेशी काकांचा काही संबंध नव्हता. सगळी नोकरी त्यांनी विजेच्या खात्यात बिलांच्या तक्रारी ऐकत काढली. पण नाव पडलं ते पडलं. गल्लीच्या टोकाला नवीन राहायला आलेल्या एका गृहस्थांनी त्यांना विचारलं होतं, “भिया, कँटीनमधून एक मिक्सर मिळवून द्याल का?” काका गंभीरपणे म्हणाले, “देईन की. पण या मापाचा मिळेल,” आणि करंगळीचं टोक दाखवलं.

रविवारी धारहून बसनं एक सर यायचे. कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेले, मालवी माणूस. मग मोठी फळी मांडली जायची. तिच्यावर थर्माकोलच्या टेकड्या, रंगवलेल्या भुशाचं गवत, आणि समोरासमोर दोन फौजा: काकांचं मराठी घोडदळ आणि सरांच्या, म्हणजे कंपनी सरकारच्या, पलटणी. किती पुढं सरकायचं ते मोजपट्टीनं मोजायचं, गोळी लागली की चुकली ते फासे सांगणार. दोघं म्हातारे फळीच्या पातळीवर वाकून, एक डोळा मिटून भांडायचे.

“भिया, टेकरी के पीछे से गोली कैसे लगेगी?”

“टेकडी बुटकी आहे सर, आणि माझा घोडेस्वार उंच आहे.”

मग आतून काकूंचा आवाज यायचा, “लढाई थांबवा. पोळ्या गार होतायत.” आणि दोन्ही फौजांचे सेनापती हात धुवायला मोरीकडे जायचे.

खोलीच्या तीन भिंतींना लागून एक फळी होती, तिच्यावर रेल्वे. एका टोकाला देवास स्टेशन, दुसऱ्या टोकाला धार. धारला खरी गाडी येणार, येणार, हे आमच्या अगोदरची पिढी ऐकत आली आहे. काकांनी ती आपल्या घरात केव्हाच नेऊन पोचवली होती. काकूंचं माहेर धारचं. त्या म्हणायच्या, “तुमची गाडी सारखी माझ्या माहेरी जाते. मला कधी नेता?”

“नेतो ना. एवढं स्टेशनचं छप्पर होऊ दे.”

छप्पर झालं, मग बाकं झाली, मग फलाटावरचा चहावाला झाला. काकू एकट्या बसनं जायच्या, तेही बंद झालं. विचारलं तर म्हणायच्या, गुडघे दुखतात, बसला फार गर्दी असते. पुढं पुढं त्या न्या म्हणायच्याही थांबल्या. काकांना वाटलं, वयानुसार माहेरची ओढ कमी होते. त्यांनीच मला तसं सांगितलं होतं, बरं वाटल्यासारखं.

तो रविवार मी विसरू शकत नाही. मी काड्यांचं पाकीट द्यायला गेले होते. सर नुकतेच पोचले होते, फळी मांडून झाली होती. काकू पोह्यांच्या बश्या घेऊन आल्या आणि चालता चालता सरळ फळीच्या कोपऱ्यावर आदळल्या. तो कोपरा त्यांच्या उजव्या हाताला होता, लपलेला वगैरे काही नव्हता. बश्या पडल्या, शेव उडाली, आणि काकांनी महिनोन्महिने खपून रंगवलेलं सगळं घोडदळ जमिनीवर.

“दिसत नाही का तुला?” काका ओरडले. “डोळे आहेत की नाही?”

त्यांना ओरडताना मी त्या आधी कधी ऐकलं नव्हतं. काकू खाली बसल्या आणि पोह्यांमधून घोडे वेचू लागल्या. मी बघत होते. त्या डोळ्यांनी शोधत नव्हत्या, तळहात जमिनीवर फिरवून शोधत होत्या. मला वाटलं, ओशाळल्या आहेत म्हणून मान वर करत नाहीत. काकांना काय वाटलं ते त्यांनाच ठाऊक. ते एका घोड्याचा मोडलेला पाय चिमट्यात धरून उजेडाकडे बघत होते.

पुढं काही आठवड्यांनी काकू भाजी घेऊन येताना रस्त्यावर उभ्या असलेल्या स्कूटरवर पडल्या. कपाळाला टाके पडले. टाके घालणाऱ्या डॉक्टरांनी बोट हलवून नजर बघितली आणि इंदूरला पाठवलं. संध्याकाळी काका चिठ्ठी घेऊन दुकानात आले. ती डोळ्यांत घालायच्या थेंबांची होती. काचबिंदू. एक डोळा जवळजवळ गेलेला, दुसऱ्याला फक्त मधलं दिसत होतं, नळीतून बघावं तेवढं. आहे तेवढं थेंबांनी टिकेल, गेलेलं परत येणार नाही.

मी बाटल्या काढून दिल्या, थेंब कसे घालायचे ते सांगितलं. काका जागचे हलेनात. मागं गिऱ्हाईक उभं होतं. काका हळूच म्हणाले, “सूनबाई, तुम्ही होतात ना त्या दिवशी? मी काय म्हणालो तिला?”

मी म्हटलं, “काका, तुम्हाला काय माहीत होतं?”

“तेच तर,” ते म्हणाले. “पेराएवढ्या शिपायाची बुबुळं सरळ बघतायत का, ते मला कळतं. आणि ही माझ्या समोर...” ते बाटल्या खिशात घालून गेले.

दुसऱ्या दिवशी फळी भिंतीला टेकली. रंगांच्या बाटल्या, कुंचले, शिपाई, सगळं खोक्यांत गेलं. रविवारी सर आले, तर काकांनी त्यांना ओटल्यावरूनच चहा पाजून परत पाठवलं. आणि मग काकूंची खरी परीक्षा सुरू झाली. काका त्यांना एक पाऊल एकटं टाकू देईनात. स्वयंपाकघरात बरोबर, टेकरीवर देवीला जाताना बरोबर, माझ्या दुकानातसुद्धा दंड धरून. “उंबरठा आहे. पायरी आहे. गाय बसलीय, डावीकडनं घे.” काकू एकदा त्यांना शेजारच्या दुकानात साखर आणायला पिटाळून माझ्याकडे वळल्या.

“तू तरी सांग गं यांना. दिवसभर माझ्या तोंडाकडे बघत बसतात. पकडून आणलेल्या चोरासारखा चेहरा असतो. त्यापेक्षा शिपाई रंगवा म्हणावं.”

“तुम्ही सांगितलं नाही का त्यांना?”

“सांगितलं. हेही सांगितलं की मला केव्हाचं कमी दिसत होतं. माझ्या आईचं असंच झालं होतं, म्हणून मला भीती वाटायची डॉक्टरकडे जायची. मीच लपवलं. तर म्हणाले, ‘मला सांगावंसं वाटलं नाही तुला, हाच माझा दोष.’ आता यावर काय बोलायचं?”

शेवटी काकूंनीच शेजारच्या पोरीकडून सरांना फोन लावून घेतला. “सर, इतवार को आ जाओ. मैं खेलूँगी.” आणि त्या खेळल्या. फासे त्यांच्या हातात, हुकूम त्यांचा. फासे वाटीत पडले की ती डोळ्यांजवळ धरून स्वतः आकडा वाचायच्या. काका नुसते त्यांच्या सांगण्याप्रमाणे शिपाई सरकवायचे. काकू पहिल्याच डावात सरांच्या तोफांवर सगळं घोडदळ घालून मोकळ्या झाल्या आणि सपाटून हरल्या. सर खूश. काका मात्र हसलेसुद्धा नाहीत.

पुन्हा रंगवायला बसले तेही काकूंच्या धाकानं. पण एक गोष्ट बदलली. नव्या शिपायांना डोळे नव्हते. पागोटी, मिशा, तलवारीच्या मुठी, सगळं पहिल्यासारखं, आणि भुवयांखाली कोरा रंग. सरांनी एक उचलून बघितला. “भिया, ये तो अंधी पलटन है.” काका म्हणाले, “इतक्या लांबून कुणाला दिसतात डोळे?” सरांनी तो शिपाई पुन्हा जागेवर ठेवला.

रेल्वे मात्र काकूंच्या ताब्यात गेली. गाडी सोडायचं बटण त्यांच्या हाती. रुळांच्या सांध्यांवर चाकं कशी वाजतात यावरून त्या गाडी कुठं आली ते ओळखायच्या, आणि बहुतेक वेळा बरोबर ओळखायच्या. एकदा मी तिथंच होते. गाडी धारच्या फलाटाशी थांबली. काकू म्हणाल्या, “धार आलं. आता इथून आमच्या घरी मी डोळे बांधून नेईन तुम्हाला. स्टँडवरून निघायचं, पिठाच्या गिरणीचा वास आला की उजवीकडे. मग उतार. उतार संपला की दगडी फरशी लागते पायाला, तिथं वळायचं. मग लोहाराचा ठणठणाट. त्याच्यासमोर आमचा जिना.” सांगताना त्यांचे पाय खाटेखाली हलत होते. “इथं देवासात मी इतकी वर्षं डोळ्यांनीच चालले गं. त्यामुळे डोळ्यांबरोबर रस्तेही गेले.”

काका खिडकीशी उभे होते. वळले नाहीत.

महिनाभरात त्यांनी धारला, काकूंच्या माहेरच्या आळीत, दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. आम्ही सगळ्यांनी समजावलं. देवासात त्यांचा जन्म गेलेला, घर स्वतःचं, पणजोबा दरबारात चाकरीला होते तेव्हापासूनची वस्ती. इथं माणसं होती, माझं दुकान हाकेवर. काकूंनीही ‘नको’ म्हणून बघितलं. काका एवढंच म्हणाले, “मी तिला फार उशिरा नेतोय.” मोठी फळी नव्या खोल्यांत मावणार नव्हती, ती आणि सगळी फौज सरांकडे गेली. रेल्वेचा एक भिंतीपुरता तुकडा तेवढा बरोबर नेला. टेंपो गेला त्या दिवशी त्यांच्या ओटल्यावर उन्हं पडली होती आणि दाराला कुलूप होतं. गल्लीतून जाताना अजून माझी मान तिकडे वळते.

गेल्या हिवाळ्यात मी माहेरी जाताना वाट वाकडी करून धारला उतरले. काका स्टँडवर घ्यायला आले होते. बारीक झाले होते. चालता चालता म्हणाले, “इथं तिला माझी गरज लागत नाही, सूनबाई. सगळीकडे एकटी जाते. बायका हाका मारतात, ती आवाजावरून ओळखते. फार बरं वाटतं.” मग थोडं थांबून म्हणाले, “पण एक आहे. तिनं मला एकदाही बोलून दाखवलं नाही. एकदा तरी ओरडायला हवं होतं माझ्यावर. मग कदाचित मला...” मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

जेवण झाल्यावर काकू मला बाजार दाखवायला निघाल्या. पदर खोचून, हात मोकळे, ताठ चालत होत्या. कुठं वळायचं, कुठं जपून उतरायचं, त्यांच्या पायांना माहीत होतं. मी त्यांच्या बरोबरीनं चालायचा प्रयत्न करत होते. काका मागून पिशवी घेऊन येत होते. एका चौकात तीन सारख्याच गल्ल्या फुटत होत्या. आम्ही वळून थोडं पुढं गेलो आणि काकू थांबल्या. मागं पावलांचा आवाज येत नव्हता.

मी वळून पाहिलं. काका चौकात उभे होते, भर दुपारच्या उन्हात, एकेका गल्लीकडे बघत. आम्ही कुठं गेलो ते त्यांना दिसलं नव्हतं.

“अहो,” काकूंनी हाक दिली, “इकडे. माझ्या आवाजाकडे या.”

आणि ते आले, खाली मान घालून, भिंतीला हात लावत.