तपेल्यांचे दिवे

आमच्या घरी मोटर आली ती बैलांनी ओढत. तेव्हा मी नवी नवरी होते आणि या देखाव्यात हसण्यासारखं काही आहे, असं मला मुळीच वाटलं नाही. यावरूनच मी किती शहाणी होते ते समजा.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. संग्रामपूरच्या अलीकडे, उत्तरेला सातपुडा निळा दिसतो अशा गावात माझं सासर. एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात आमच्या यांनी ती मोटर पाहिली. कापडी टपाची, लाकडी आऱ्यांच्या चाकांची, इंग्रजांच्या वेळची. जिनिंगचा मालक निघून गेल्यापासून तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. मालकाच्या भावानं सांगितलं, बैलजोडी द्या आणि घेऊन जा. यांनी चालती बैलजोडी दिली आणि न चालणारी मोटर घेतली. त्याच बैलांनी ती आमच्या गोठ्यापर्यंत ओढत आणली, मग त्यांना सोडून नव्या मालकाकडे नेलं. सासूबाई ओट्यावर उभ्या होत्या. जाणाऱ्या बैलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "जा बाप्पा. तुह्या गव्हाणीवर आता लोखंड बांधलं त्यानं."

मला मात्र आभाळ ठेंगणं झालं होतं. यांनी मला गोठ्याच्या दारात उभं करून सांगितलं होतं, "पहिली चक्कर तुह्या माहेरची."

माझं माहेर रोहिणखेडचं. पूर्णा नदीच्या पलीकडे, मोताळ्याकडे. त्याच महिन्यात मी माहेरी जाऊन आले. परत निघताना बैलांच्या दमणीभोवती मैत्रिणी जमल्या. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, म्हणून कोणीतरी विचारलं की आखाजीला येशील ना. आमच्या महाराणीनं, म्हणजे मीच, मान वर केली आणि सर्वांसमक्ष सांगितलं, "आता येईन तं मोटरीनंच."

बस. एवढंच बोलले. जीभ एवढीशी, पण तिनं मला पुढची कितीतरी वर्षं सासरच्या खुंट्याला बांधून ठेवलं.

मोटर दुरुस्त करायची म्हणजे पाना घेऊन बोल्ट पिळायचे, असं मला वाटत होतं. तसं नव्हतं. प्रत्येक वस्तू आधी काढायची, मग ती कुजलेली निघायची, मग तशी कुठे मिळत नाही म्हणून इथेच घडवून घ्यायची. दाराच्या आतली लाकडी चौकट गावच्या सुताराकडून, कड्या लोहाराकडून. टप मी शिवला, गोधडीच्या टाक्यानं. गाद्याही मीच भरल्या, घरच्या कापसानं. पहिल्याच पावसाळ्यात उंदरांनी त्यात संसार मांडला आणि मी त्या उसवून पुन्हा भरल्या. त्या गोठ्यात उंदरांचा संसार माझ्यापेक्षा बरा चालला होता.

कारण माझा नवरा मला दिसायचा तो गुडघ्यापासून खाली. बाकीचा मोटरीखाली. जेवायला बोलवायला गेले की मी त्या पायांशी बोलायची. पाय हलले तर ऐकू आलं, नाही हलले तर ताट झाकून ठेवायचं. शेतातून आले की गोठ्यात, गोठ्यातून उठले की खामगावच्या भंगाराकडे. माणूस वाईट नव्हता. मारणं नाही, शिवी नाही, व्यसन नाही. कधीकधी मला वाटायचं, व्यसन असतं तर निदान चार बायांत रडगाणं तरी गाता आलं असतं. मोटरीबद्दल रडायला कोणी बसू देत नाही.

आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. विहिरीचं पाणी खारं. ते मोटरीच्या पोटात गेलं की आत पांढरे थर धरतात, असं यांना कोणी सांगितलं. मग मोटरीसाठी लांबच्या मळ्यातून गोडं पाणी आणायचं ठरलं. आणायचं कोणी? डोक्यावर हंडा घेऊन मी. घरी आम्ही सगळे खारं पाणी पीत होतो आणि मोटर गोडं पीत होती. वाटेत बाया विचारायच्या, पाहुणे आले का? मी म्हणायची, हाव.

पहिल्या दिवाळीला बाबा दमणी घेऊन मला न्यायला आले. मी त्यांना गोठ्यात नेऊन सांगाडा दाखवला आणि सांगितलं, मोटर होतच आली. तेव्हा तिला चाकं नव्हती, इंजिन पोत्यावर वेगळं पडलं होतं. बाबांनी मोटरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. चहा घेतला, मायनं दिलेला डबा ठेवला आणि रिकामी दमणी घेऊन निघून गेले. पुढच्या वर्षी पुन्हा आले. मी पुन्हा तेच सांगितलं. त्यानंतर नुसते निरोप यायचे, आणि मग निरोपही विरळ झाले.

एका आखाजीला मात्र राहवलं नाही. गाठोडं बांधलं आणि सासूबाईंना सांगून संग्रामपूरला एसटीच्या थांब्यावर जाऊन बसले. गाडी आली. कंडक्टर आमच्या गावचा निघाला. मला पाहून त्यानं अगदी साध्या मनानं विचारलं, "काऊन वहिनी, मोटर झाली नाई वाटते अजून?" गाडीतली माणसं हसली. मी म्हटलं, मी कोणाला तरी सोडायला आले. गाडी गेली. गाठोडं पदराखाली धरून मी घरी आले. सासूबाईंनी चुलीपुढे भाकरी थापायला जागा करून दिली.

त्या दुपारपासून मला एक खोड लागली. हे शेतात गेले की मी गोठ्यात जाऊन मोटरीच्या मागच्या सीटवर बसायची. डोळे मिटायचे आणि गावं म्हणत जायची. जळगाव जामोद आलं, पूर्णा आली, आता नांदुरा, आता मोताळा. रोहिणखेडच्या मशिदीची दगडी भिंत आली की उतरायचं. कधी मोताळ्यापर्यंतच पोचायची, तोवर सासूबाईंची हाक यायची.

मग दिव्यांचं आलं. मोटरीचे पुढचे दिवे कोणी केव्हाच काढून नेले होते. नुसते दांडे उरले होते, डोळे काढलेल्या खेकड्यासारखे. खामगावला मिळाले नाहीत, अकोल्याला मिळाले नाहीत. एका संध्याकाळी हे स्वयंपाकघरात आले. लग्नानंतर आपणहून पहिल्यांदा. मी चुलीपुढे होते. मी पदर सारखा केला, केसांवरून हात फिरवला. हे माझ्या मागे पाहत होते. भिंतीशी फळीवर माझी दोन पितळी तपेली होती, मायनं लग्नात दिलेली जोडी.

"घेर बरोबर हाय," हे म्हणाले.

मला तेव्हा रागही आला नाही. उलट मीच ती काढून दिली आणि राखेनं घासूनही दिली. तांबटानं त्यांचे काठ वळवले, आत काच बसवली आणि दांड्यांवर चढवली. लग्नाच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव ठिपक्या-ठिपक्यांनी कोरतात. तसं मायचं नाव दोन्ही तपेल्यांवर होतं. यांना ते घासून काढायचं होतं. तेवढ्यासाठी मात्र मी आडवी झाले. म्हटलं, नाव राहील, नाहीतर तपेलं परत फळीवर जाईल. यांनी तपेलं हातात फिरवून पाहिलं, मग म्हणाले, "राहू दे. खालच्या अंगाले ठेवतो."

आणि एक दिवस ती चालू झाली. हँडल मारून मारून यांचा खांदा उतरायची वेळ आली होती. आधी खोकली, मग धूर, मग गोठ्यातल्या कोंबड्या छपरावर, आणि मग तो आवाज लागला. एकसारखा, ठेका धरलेला. हे काळ्या हातांनी तसेच उभे राहिले. मग वळून माझ्याकडे पाहिलं. पाय नव्हे, अख्खा माणूस.

"आयकलं का?" म्हणाले.

खोटं कशाला सांगू, सगळ्या वर्षांचा राग त्या एका प्रश्नात उतरला. ते सुख काय असतं ते मोडकी वस्तू हातानं जिवंत करणाऱ्यालाच कळतं, आणि त्याच्या शेजारी पाणी घेऊन उभी राहणारीला. पण ते फार वेळ टिकत नाही, हेही दोघांनाच कळतं.

आखाजी तोंडावर होती. नेमकं चैत्राच्या उन्हात लाकूड सुकलं आणि चाकांचे आरे करकरू लागले. आता शेतकऱ्याच्या घरात चाक करकरलं की काय करतात ते कोणाला शिकवावं लागत नाही. बैलगाडीचं चाक उन्हाळ्यात पाण्यात टाकायचं, लाकूड फुगतं, वरची लोखंडी धाव घट्ट बसते. आम्ही मोटरीची चारही चाकं काढली आणि त्या गोड्या पाण्याच्या मळ्यात संत्र्याची बाग होती, तिच्या हौदात बुडवली. मीच वरून दगड ठेवले, तरंगू नयेत म्हणून. बाहेर काढली तेव्हा आरा हलेल तर शपथ. हे खूश, मी खूश. मी लग्नातला शालू नेसले.

निघालो. वारा असा लागत होता की डोक्यावर पदर ठरेना. जळगाव जामोद आलं, खरंच आलं. पूर्णा आली. हे मधूनच गुणगुणत होते, आणि मी आजवर यांना गुणगुणताना ऐकलं नव्हतं. नांदुऱ्यापर्यंत मी जगातली सर्वांत मोठी बाई होते. मोताळ्याच्या अलीकडे ऊन चढलं आणि चाकं पुन्हा बोलू लागली. आधी हळू, मग दाणे भाजल्यासारखी. मागचं डावं चाक एकदम खाली बसलं. आरे सगळे वेगळे होऊन पसरले.

रात्र एका ओळखीच्या शेतात काढली. सकाळी यांनी शेताच्या कडेला धुऱ्यावरचं खोड तोडून चाकाच्या जागी घसरतं बांधलं आणि शेतकऱ्याची बैलजोडी पुढे जुंपली. मोटर निघाली. बैलांनी आली होती तशीच, बैलांनी. आखाजी काल होऊन गेली होती. समोरून लेकी परत सासरी चालल्या होत्या. एका दमणीत माझी मैत्रीण होती, माझ्याबरोबर झोक्यावर उभी राहणारी. मांडीवर मूल होतं. मी तिला लांबूनच ओळखलं आणि पदर तोंडावर ओढून सीटच्या खाली सरकले.

"कोणाची व्हय हे मोटर?" तिचा आवाज अगदी कानाशी आला.

"संग्रामपूरकडची हाय बाई," बैलवाला म्हणाला.

"आमची एक जण येणार होती तशा मोटरीनं," ती म्हणाली, आणि दमणी गेली. ती मला पुन्हा कधी भेटली नाही.

रोहिणखेडला निंबाला झोक्याचे दोर तसेच लोंबत होते. खाली कोणी नव्हतं. घरासमोर उतरले तर बाबा बाहेर आले, आणि त्यांच्या मागून माय, एक हात भिंतीला लावत. मी समोर उभी होते आणि ती माझ्या शेजारी पाहत होती.

मायच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. मला कळवलं का नाही, असं मी बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, "कळवाले येणार होतो. मंग म्हटलं, मोटर होतच आली हाय, येईनच पोरगी." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मग त्यांनी तुटलेलं चाक पाहिलं आणि यांना एवढंच म्हणाले की गाडीचं चाक रोज वल्लं करता येते, कारण ते बैलाच्या पायानं, थांबत थांबत चालते; मोटर थांबत नाही.

माय तोवर मोटरीपाशी पोचली होती. हातानं बॉनेट चाचपलं, टपाचे टाके चाचपले. दिव्यापाशी आली. बोटं दिव्याच्या पोटाखाली गेली आणि ठिपक्यांवर थांबली. तिला वाचता येत नव्हतं, पण आपलं नाव बोटाला कळत होतं.

"हे तं तपेलं व," ती म्हणाली.

"हाव."

"अन् दुसरं?"

"त्या बाजूले."

तिनं ठिपक्यांवरून पुन्हा बोट फिरवलं. मग हसायला लागली. "म्या तं भात शिजवाले देल्ले होते व माय." आणि तोच हात माझ्या तोंडावरून, खांद्यावरून फिरला. हसणं थांबलं. "किती वाळली व तू."

हे सुताराकडे नवे आरे घडवत बसले. या वेळी जवसाच्या तेलात भिजवून. इकडे मोटर दगडांवर तोललेली, निंबाच्या सावलीत. मायला एकदा मोटरीत बसायचं होतं. मी तिला मागच्या सीटवर बसवलं, शेजारी मी बसले, आणि सवयीनं गावं म्हणू लागले, उलटी. मोताळा आलं. नांदुरा आलं.

"चालू झाली का?" मायनं विचारलं.

"हाव. पूर्णेवर आलो."

"खोटारडे. वारा कुठी हाय?"

मी उतरले, घरातून सूप आणलं आणि मोटरीच्या पायरीवर उभी राहून तिला वारा घालू लागले. तिनं डोक्यावरचा पदर घट्ट धरला. शेजारच्या बायांनी पाहिलं आणि पाहू दे म्हटलं मी. हात भरून आले, तरी माय म्हणेना की पोचलो. संग्रामपूर मागे पडलं, सातपुडा आला, तरी तिला पुढेच जायचं होतं.

हे गेल्यालाही आता बरीच वर्षं झाली. मोटर गोठ्यातच आहे. दर उन्हाळ्यात मी आऱ्यांना जवसाचं तेल चोळते आणि दिवे राखेनं घासते, ठिपके सांभाळून. नातू शहरातून येतो तेव्हा सांगतो की तिकडे लोकांना अशा जुन्या मोटरींचा फार नाद असतो, ते विचारतात काय लागलं एवढी उभी करायला. मी म्हणते, घेऊन ये एखाद्याला. मागच्या सीटवर माझ्याशेजारी बसव, आणि तू सूप घेऊन पायरीवर उभा राहा. मोताळ्याच्या पुढे गेलो की सांगेन, काय लागलं ते.

तो हसतो. आजी काहीही बोलते. मग तो जातो, आणि दुपारी मी एकटी जाऊन बसते. गावं पाठ आहेत. वारा तेवढा नसतो.