चौकशीबाई आणि उबदार भिंत

ऑफिसात तिला सगळे चौकशीबाई म्हणत, आणि तिला ते मुळीच लागत नसे. घर विकत घेण्याआधी लोक तिला तपासणीला बोलवत. लहानपणी पाहुण्यांकडे गेलं की ही बया त्यांची कपाटं उघडून बघायची आणि आईचे धपाटे खायची. पुढे त्याच खोडीचा पगार मिळू लागला, म्हणजे नशीब काढलं म्हणायचं!

तिची कामाची तऱ्हाही जगावेगळी होती. दुसरे तपासनीस आल्याआल्या गच्ची नाहीतर मोरी गाठतात. ही मात्र निवांत बसून पाणी प्यायची आणि विचारायची, "घरात तुमची सगळ्यात आवडती जागा कोणती?" लोक बुचकळ्यात पडत, मग खुलून बोलत. कुणी गार फरशी सांगितली की ही तिथली ओल शोधायची. घराचे दोष लोकांना गुणच वाटत असतात, हा तिचा अनुभव होता.

त्या दिवशीचं घर एका तरुण जोडप्याचं होतं. भाड्याने राहत होते, तेच आता विकत घेणार होते. नवरा कामावर गेला होता. घरात ती तरुण आई, तिचं तान्हं बाळ आणि बाळाचे आजोबा, म्हणजे तिचे वडील. आजोबांनी जन्मभर बस चालवली होती. आता लेकीच्या घरात दिसेल ते दुरुस्त करत असायचे.

"आवडती जागा? तो कोपरा," तरुण आई पाळण्याकडे बोट दाखवत म्हणाली. "थंडीत सगळं घर गारठतं, पण ती भिंत कशी छान उबदार असते. म्हणून बाळाला तिथेच निजवतो."

चौकशीबाईचे कान टवकारले. भिंतीपलीकडे स्वयंपाकघर असेल म्हणावं, तर पलीकडे नुसता जिना. ऊन म्हणावं, तर भिंत उत्तरेची. तिने उलट्या हाताने भिंत चाचपली. वर कोमट, खाली गार, आणि पाळण्याच्या उशाशी, रंगाखाली दडलेल्या एका चौकोनी झाकणापाशी, चांगलीच गरम. मग मात्र तिला राहवेना.

"हीटर कुठे लावता?"

"इथेच. दिवसभर चालू असतो."

ती तडक दारामागच्या विजेच्या पॅनेलकडे गेली. एका ओळीत सगळी बटणं, जास्त भार आला की आपोआप पडणारी. बाकीच्यांवर सोळा अँपिअरचा आकडा होता, एकावर चाळीसचा. तेही इतरांपेक्षा नवंकोरं. त्याच्या खालून निघालेली तार मात्र शेजारणींइतकीच बारीक होती, आणि टोकाशी तपकिरी पडलेली.

"हे कुणी बदललं?"

"मी!" आजोबांची छाती फुगली. "हीटर लावला की ते मेलं बटण पडायचं. अंधार व्हायचा, बाळ दचकून उठायचं. मोठं आणून बसवलं. तेव्हापासून एकदा पडलं असेल तर शपथ."

"आजोबा, तार बदललीत का?"

"तार कशाला? तार तर चांगली होती."

"तारेला भार सोसत नव्हता, म्हणून ते पडत होतं. ते आता पडत नाही, पण तार तापतेच आहे."

"तापली असती तर वास नसता आला?" आजोबा हट्टाला पेटले.

वाद घालत न बसता तिने मुख्य बटण बंद केलं. बाळाला आईने उचललं. पाळणा बाजूला सारून, टेस्टरने तपासून, तिने भिंतीवरचं झाकण खोललं. नकोसा, शिळ्या मासळीसारखा वास आला. आतल्या जोडावरची चिकटपट्टी वितळून काळी पडली होती. झाकणाची आतली बाजू करपली होती, आणि पाळण्याची झालर इतके दिवस त्याच झाकणाला टेकून होती.

तरुण आईने बाळाला घट्ट धरलं.

"वायरमन येऊन ही तार बदलेपर्यंत इथली वीज चालू करायची नाही," चौकशीबाई म्हणाली. "आणि बटण पुन्हा सोळाचंच बसवायचं."

आजोबांनी वाकून तो काळा जोड पाहिला, पुन्हा पाहिला. मग एकट्याने पाळणा ओढत पार दुसऱ्या खोलीत नेला. परत आले ते भिंतीपाशीच उभे राहिले.

"बाबा, तुम्हाला कुठे माहीत होतं?" लेक म्हणाली.

"अगं, रोज सकाळी मी या भिंतीला हात लावून बघायचो," आजोबा म्हणाले. "गरम लागली की पाळणा अजून थोडा भिंतीजवळ सरकवायचो."