आईच्या तीन साड्या पोचवताना : रत्नागिरी ते मंडणगड, वाटेत अलोरे

माझं सगळं बदललं ते वैशाखातल्या एका रविवारी सकाळी, बाबांनी इस्त्री गरम केली त्या क्षणी.

तुम्ही म्हणाल, आई गेली तेव्हा नाही का बदललं? तेव्हा घर बदललं. वर्षभर दुखणं काढून ती फाल्गुनात गेली आणि आम्ही बाप-लेक एका छपराखालचे दोन भाडेकरू झालो. बाबा कचेरीत जायचे. मी दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलेला, त्यामुळे कुठेच जायचो नाही. कुणी काही विचारलं की भांडायचो.

जाण्याआधी आईनं तीन साड्या पंच्यात बांधून कपाटात ठेवल्या होत्या. प्रत्येक साडीला टाचणीनं एकेक चिठ्ठी. "वैशाखात नेऊन द्या. स्वतः जा, पोस्टानं धाडू नका," असं तिनं बाबांना बजावलेलं. आमच्याकडे बाई अहेवपणी गेली की तिच्या साड्या मायेच्या माणसांत वाटतात, आणि त्या मिळाल्या तर बायका भाग्य समजतात. त्या रविवारी मी आंघोळीला गेलो असताना बाबांना वाटलं, चुरगळलेल्या साड्या कशा न्यायच्या? बाहेर येऊन बघतो तर तिन्ही साड्या कडक घड्या पडून टेबलावर आणि तिन्ही चिठ्ठ्या बाबांच्या खिशात!

"बाबा, कुठली कुणाची?"

बाबा आधी साड्यांकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. तीस वर्षं कचेरीत कागद लावलेला माणूस, पण घरच्या तीन कागदांना चुकला.

एक साडी डाळिंबी नारायणपेठी, एक करडी रेशमी आणि तिसरी हिरवी वायल, धुऊन धुऊन सायीसारखी झालेली. चिठ्ठ्यांवर आईचं तिरकं अक्षर : 'माई, मंडणगड.' 'शालन, चिपळूण.' आणि तिसरीवर 'नीला, अलोरे.'

"माई तिची बहीण, शालन शाळेतली मैत्रीण. ही नीला कोण?" बाबांनी विचारलं.

"असेल कुणीतरी."

"कुणीतरी असेल तर तुझे कान का तांबडे झाले?"

नीला माझ्या वर्गातली, अलोऱ्याहून रत्नागिरीला शिकायला आलेली. तिच्यापायी मी दोन वर्षं झोप घालवली होती आणि घरात कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती, असं मी समजत होतो. आई गेली तेव्हा ती भेटायला आली नाही, साधं कार्ड नाही. म्हणून मी तिला चार पानी पत्र लिहून संबंध तोडले होते. आता तिच्याच दारात जायचं, तेही आईच्या हुकमानं आणि बापाबरोबर.

बाबांनी त्यांच्या पद्धतीनं हिशेब लावला. सख्खी बहीण म्हणून माईला भारी नारायणपेठी. तरण्या पोरीला रेशमी. शालन घरचीच, तिला वायल चालेल. मी मान डोलावली.

तुम्ही या वाटेनं जाणार असाल तर सकाळी सहाची गाडी धरा. आठनंतर मे महिन्यात एसटीचा पत्रा हात लावू देत नाही. चाकरमानी परत निघालेले असतात, तेव्हा जागा आधी पकडा, निरोप नंतर घ्या. कंडक्टरनं आमच्या गाठोड्याकडे बोट केलं.

"बोचकं टपावर टाका."

"तूच चढ की टपावर!" मी म्हटलं.

त्यानं घंटीच्या दोरीला हात घातला, मी बाह्या सारल्या. बाबा मध्ये आले आणि हळूच म्हणाले, "मास्तर, त्याच्या आईच्या साड्या आहेत. द्यायला चाललोय." गाठोडं घेऊन कंडक्टरनं स्वतःच्या सीटवर ठेवलं आणि चिपळूणपर्यंत उभ्यानं तिकिटं फाडली. उतरताना मी त्याला नमस्कार केला. भांडण अर्धवट राहिलं याचं पहिल्यांदाच बरं वाटलं.

हातखंबा सोडला की दोन्ही बाजूंना तांबडा कातळ, मध्येच काजूच्या बागा. संगमेश्वरला गाडी थांबली की खाली उतरून कांदाभजी खा, चहा मात्र पिऊ नका. आईचा हा नियम होता. ती खिडकीत बसायची, हातात लिंबू, आणि घाट आला की डोळे मिटून म्हणायची, "संपला की सांगा." एकदा बाबांनी संपल्यावरही सांगितलं नाही. ती पार गावापर्यंत डोळे मिटून बसली आणि मग चार दिवस बाबांना आमटीत मीठ मिळालं नाही. हे बाबांनी सावर्ड्याच्या पुढे सांगितलं आणि एकटेच हसत सुटले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. पुढच्या सीटवरची म्हातारी मागे वळून म्हणाली, "कसला जोक झाला ओ? आमाला पण सांगा." मग तिलाही सांगितला. ती म्हणाली, "चारच दिवस? मी आठ दिवस दिलं नसतं."

चिपळूणला शालनमावशीचं घर स्टँडपासून चालत पंधरा मिनिटं, वशिष्ठीकडे उतरणाऱ्या गल्लीत. तिच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ आहे आणि त्या रेघेच्या वर तिनं देव मांडलेत. ती म्हणाली, "देव भिजले तर राग कुणावर काढू?" बाबांनी दोन्ही हातांनी हिरवी वायल पुढे केली. मावशीनं एकदा साडीकडे पाहिलं, एकदा बाबांच्या तोंडाकडे, आणि साडी डोळ्यांना लावली. "बरं केलंत भाऊजी," एवढंच म्हणाली. नंतर तिसऱ्यांदा भात वाढताना माझ्यावर ओरडली, "खा मेल्या! इंदू वरून बघत्येय, मला बोल लावील."

दुपारची गाडी धरून खेड, दापोली करत मंडणगडला पोचेस्तोवर उन्हं कलली. तिकिटाचे पैसे फार नाहीत, पण पाठीचा कणा वेगळा मोजावा लागतो. मंडणगड म्हणजे डोंगराच्या कुशीतलं गाव. मावळतीला एकदम गार वारा सुटतो, तेव्हा मे असला तरी पांघरूण सोडू नका.

माईमावशी म्हणजे आईची मोठी बहीण. तिनं नारायणपेठी उलगडली, पदर पाहिला आणि किंचाळली. "अगो बाय! ही तर माझीच!"

बाबा दचकले. "तुमची?"

"तुमच्या भाच्याच्या मुंजीला नेसायला नेली होतीन, भावोजी! हा विन्या तेव्हा पाळण्यात. दर वर्षी म्हणायची, माई, पुढल्या खेपेला आणत्ये. आणलीन बघा शेवटी!"

ती हसता हसता रडायला लागली, मग साडी नेसूनच आली आणि त्याच साडीत आम्हाला सांदणं वाढली. फणसाच्या रसातली, नारळाच्या दुधाबरोबर. मी अकरा खाल्ली. ती म्हणाली, "लबाड होती हो माझी बहीण. पण एकोणीस वर्षांत एक डाग पाडलान नाही." आईला कुणी लबाड म्हटलं असतं तर मी त्याचे दात पाडले असते. त्या रात्री मात्र वाटलं, आणखी सांगावं हिनं, आणखी.

तिसऱ्या दिवशी चिपळूणला परत येऊन पोफळीची गाडी धरली. अलोरे त्याच रस्त्यावर. आमच्या कोकणातल्या वळणावळणाच्या आळ्या बघितलेल्या माणसाला ही वसाहत नवलाची वाटते. कोयना प्रकल्पाची क्वार्टर्स सरळ रेषेत, घरांवर नंबर, मागे सह्याद्री भिंतीसारखा उभा. हॉटेल शोधू नका. कुणाचीही ओळख सांगा, चहा मिळतो.

नीलाच्या वडिलांनी बाबांना आत बसवलं. दोघांनाही पानाचा शौक निघाला आणि कोकणात रेल्वे येणार की नाही यावर वादही तयारच होता. तेवढ्यात नीला बाहेर आली. करडी रेशमी साडी मी तिच्या हातात दिली. अंगणातल्या नळापाशी उभं राहून तिनं घडीचा काठ बोटांनी चाचपला आणि परत माझ्या हातात ठेवली.

"ही माझी नव्हे. माझी हिरवी."

"तुला काय माहीत?"

"तिचा काठ उसवला होता. मी निळ्या दोऱ्यानं शिवला. हिरवा दोरा संपलेला."

मला काही कळेना. ती म्हणाली, "हजेरी भरत नाही म्हणाले म्हणून सरांच्या टेबलावर वह्या आपटून निघून गेलास ना? त्या वह्या मी गोळा केल्या. द्यायला तुझ्या घरी आले, तू नव्हतास. आई होत्या. मग दर बुधवारी, तू बाहेर असलास की, येत गेले. त्यांना घावन जमेना उभं राहून, मला शिकवलं."

"आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीस?"

"त्याच म्हणाल्या, सांगू नकोस. मी तुला राबवत्ये असं त्याला कळलं तर तो तुझ्याशीच भांडेल."

"मग ती गेली तेव्हा कुठे होतीस?" माझा आवाज चढला.

तिनं कपाळावरचे केस बाजूला केले. कांजिण्यांचे दोन खड्डे, ताजे. "अंथरुणात होते. तिथंच तुझं पत्र वाचलं. चार पानं शिव्या आणि खाली 'तुझाच विनायक'. माणसानं काय समजायचं? भांडतोयस की लग्नाचं विचारतोयस?"

मी करडी साडी काखेत मारली आणि स्टॉपकडे सुटलो. बाबा खिडकीतून ओरडले, "कुठे निघालास?" मी म्हटलं, "तुमचा हिशेब चुकला!"

दिलेली साडी परत मागायला जाणं यापरती नामुष्की आमच्याकडे नाही. वाटभर मी वाक्यं जुळवत होतो. शालनमावशीनं दार उघडलं, काखेतली करडी साडी पाहिली आणि आतून हिरवी घेऊनच आली. घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

"ये. मला वाटलंच होतं येशील."

"तुला ठाऊक होतं?"

"इंदूनं पत्रात लिहिलं होतंन, करडी तुझी, हिरवी अलोऱ्याच्या पोरीची."

"मग तेव्हाच का बोलली नाहीस?"

"तुझ्या बापाचं तोंड बघितलं होतंस? परीक्षेला बसलेल्या पोरासारखं. चुकलात म्हणून कसं सांगू?" तिनं करडी साडी छातीशी धरली. मग एकदम हसली. "आणि ती पोर हिरवीच पायजे म्हणाली? स्वतःच्या तोंडानं?"

"हो. काठ शिवलाय म्हणे तिनं."

"गधड्या, काठाचं काय घेऊन बसलास! तरण्या मुलीला जुनी वायल नेसायला देतं काय कुणी? असल्या मऊ साडीचं दुपटं शिवतात. तान्ह्या पोराचं! तिला ठाऊक आहे, इंदूला ठाऊक होतं, तुलाच नाही."

परतीच्या गाडीत मला जागा मिळाली की नाही, तिकीट काढलं की नाही, काही आठवत नाही. मांडीवर हिरवी वायल होती आणि काठावर निळा दोरा, वेडावाकडा. शेजारचा माणूस म्हणाला, "लग्नाचा बस्ता काय?" मी म्हटलं, "पुढचं."

अलोऱ्याला दिवेलागण झाली होती. नीला पायरीवरच होती. मी साडी दिली. ह्या खेपेला तिनं ती पोटाशी धरली.

"शालनमावशीनं सांगितलं मला, या साडीचं काय करतात ते."

ती पार मानेपर्यंत तांबडी झाली, पण जीभ तिची ती. "एवढ्यात हुरळू नकोस. आधी सरांची माफी माग आणि वर्गात बस. नापास बापाच्या पोराला दुपटं मिळत नाही."

आतून बाबांचा आवाज आला, "विनायक, यांचं म्हणणं रेल्वे येणार! तुला काय वाटतं?"

"येणार, बाबा! सगळं येणार!"

चौथ्या दिवशी दुपारी रत्नागिरीला पोचलो. चार दिवस, तीन घरं, चारदा चिपळूण. प्रवासानं मला काय दिलं? मला वाटायचं, आईला सगळ्यांत जास्त मी ओळखतो. निघालं असं की माईला एक लबाड बहीण ठाऊक होती, शालनमावशीला पत्र लिहिणारी मैत्रीण, नीलाला बुधवारची आई. आम्हा दोघांच्या वाट्याला फक्त ताट वाढणारी आली होती. आता बाबा जेवताना त्या बाकीच्या तिघींबद्दल विचारतात आणि मी जे ऐकलं ते सांगतो. मीठ कमी असलं तरी दोघे खातो.

आज कॉलेज उघडलं. बाबा कचेरीत जाताना म्हणाले, "सर काही बोलले तर?"

"ऐकून घेईन."

"जास्त बोलले तर?"

"जास्त ऐकून घेईन."

वह्या घेतल्या, चपला घातल्या. एक गोष्ट तेव्हा ध्यानात आली. शाळेपासून आजवर घरातून निघताना मी कधी दार लावलं नव्हतं. मी वळणापलीकडे जाईपर्यंत आई दारात उभी असायची, तिच्या मागे दार उघडंच. कडीला हात लावायची वेळच आली नव्हती. मी सवयीनं वळणाकडे पाहिलं, मग उंबऱ्याकडे. "येतो गं," म्हटलं, बाहेर आलो आणि दार लावून घेतलं.