आरशासमोर आरसा

पोंभुर्ण्याकडच्या त्या गावात विधवेनं आरसा पाहायचा नाही, असा दंडक होता. कोणी घातला ते विचारू नका; दंडक घालणारे मरून जातात, पाळणाऱ्या बाया मागं उरतात. इस्तारी हिवतापानं गेला, तेव्हा त्याच्या बायकोच्या, कुंताच्या घरात दोन आरसे होते, चांगले पुरुषभर उंचीचे. इस्तारी दंडारीच्या नाच-नाट्यात सोंगं रंगवायचा. जंगलसाहेबाच्या बंगल्यातलं मोडकं कपाट निघालं, त्याच्या दारांचे हे आरसे त्यानं खांद्यावरून आणले होते.

"तोंडं भिताडाकडं कर त्यायचे," सासू रुखमाबाई म्हणाली. ती स्वतः विशीत विधवा झालेली. चाळीस वर्षं केस अंदाजानं विंचरत आली होती.

कुंतानं ऐकलं. पण भिंत पडली ओली, आरशांची कलई सुटायला लागली. नवऱ्याच्या हातची वस्तू, तिचा जीव तुटला. मग तिनं तोड काढली: आरशानं आरशाकडंच पाहावं, माणसाकडं नाही! दोन्ही समोरासमोर उभे केले, मधे हातभर वाट ठेवली. दंडकही राहिला, कलईही वाचली.

आठ दिवसांनी कोपऱ्यातलं मासोळीचं जाळं काढायला ती रॉकेलची पेटती चिमणी घेऊन त्या वाटेत शिरली, आणि अरे बाप्पा! एका दिव्याचे हजार दिवे. रांगच्या रांग, आत आत, शेवटच नाही. प्रत्येक दिव्यामागं एक कुंता. पळून जायचं सोडून ती उभीच राहिली. किती दिवसांनी तिचं तोंड तिला भेटलं होतं.

"आता नाई सोडत मी हे," ती मोठ्यानं म्हणाली.

दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरते, तिथं भर दुपारी तिनं बांबूच्या तट्ट्यांची अंधारी खोपी उभी केली. आत समोरासमोर आरसे, आता ऐसपैस अंतरावर, मधे चिमणी. बाया आत जात, किंचाळत, हसत, पुन्हा रांगेत येऊन उभ्या राहत. बातमी गावच्या जुन्या जमीनदारापर्यंत, गुणवंतरावांपर्यंत गेली. त्यांची मालगुजारी जाऊन तीन वर्षं झाली होती, पण सुंभ जळालं तरी पीळ जात नाही. काठी आपटतच आले.

"रांडमुंड बाई लोकायले आरसे दाखवते? मंडईले अवदसा आनतं काय? मोड हे, नाईतर मीच फोडतो!"

कुंता मागं सरली, पण खोपीतच, दोन आरशांच्या मधोमध.

"या मालक, काठी घेऊनच या. एक विधवा तुमाले खपत नाई न? ह्या पाहा किती हायेत! कोनाकोनाले हाकलान?"

गुणवंतरावांनी आत पाऊल टाकून काठी उगारली. समोरून हजार गुणवंतरावांनी त्यांच्यावरच काठ्या उगारल्या. हात तसाच वर राहिला.

एवढ्यात गर्दी रेटत रुखमाबाई आत आली. तिनं सुनेचा दंड धरला. संपलं सारं, कुंताला वाटलं. पण म्हातारीनं चिमणी उचलून स्वतःच्या तोंडाजवळ धरली.

"हे म्हातारी कोन वो?"

"तुमीच व्हय, आत्याबाई."

रुखमाबाईनं गालावरून हात फिरवला. आरशातल्या साऱ्याजणींनी फिरवला. ती ढसाढसा रडली. मग पदरानं नाक पुसलं आणि आरशांच्या मधे मांडी ठोकून बसली.

"गुणवंता, तुले म्या कडेवर खेळवलं हाये. फोड आता आरसा. पयले मले फोड."